प्रस्तावना : भारी फोटो की भरवशाचा फोटो?

छायाचित्रकाराने थोर छायाचित्रासाठी झटावे का, हा प्रश्न वरवर पाहता विचारण्याजोगा वाटत नाही. झटू नये असे कोण म्हणेल? पण बीड जिल्ह्यात कॅमेरा बहुधा दुष्काळाबरोबर येतो आणि पहिल्या पावसाबरोबर परत जातो. अशा ठिकाणी हा प्रश्न विचारावाच लागतो. या संग्रहातले लेख आणि छायाचित्रे त्याच प्रश्नाभोवती जमवली आहेत, आणि वाचकाला या क्षेत्रात आत घ्यावे एवढाच या प्रस्तावनेचा हेतू आहे.

ज्यांना या क्षेत्राची ओढ आहे पण वाट कुठून सुरू होते ते ठाऊक नाही, अशांसाठी हे पुस्तक आहे. तालुक्याच्या गावी स्टुडिओ चालवणारे, बातमीसोबत फोटो धाडणारे वार्ताहर, पत्रकारितेचे विद्यार्थी, आणि आईबापांबरोबर ऊसतोडीच्या फडावर गेलेली, हातात फोन असलेली मुले-मुली हे सगळे त्यात आले. यांतले पुष्कळ जण आजही रोज फोटो काढतात. आपण काढतो तो दस्तऐवज आहे, असे मात्र त्यांना कोणी सांगितलेले नसते. ‘एक भारी फोटो निघाला पाहिजे’ हे सगळ्यांनी ऐकलेले असते. या वाक्याने काय साधते आणि काय हातचे जाते, ते आधी पाहू.

थोर छायाचित्राच्या कल्पनेला वजन मिळाले ते विसाव्या शतकाच्या मध्यावर. हेन्री कार्तिए-ब्रेसाँ यांचे गाजलेले पुस्तक १९५२ साली निघाले आणि त्याच्या इंग्रजी आवृत्तीच्या नावामुळे ‘निर्णायक क्षण’ ही कल्पना जगभर पसरली. एका सेकंदाच्या शंभराव्या भागात प्रसंग, मांडणी आणि अर्थ जुळून येतात, आणि तो क्षण पकडतो तो खरा छायाचित्रकार, असा तिचा ढोबळ अर्थ लोकांनी घेतला. त्यातून कसब वाढले, नजर तयार झाली. पण आधीचे वाट पाहणे नि विचारपूस, नंतरच्या नोंदी नि परत जाणे हे सारे त्या क्षणापुढे दुय्यम ठरत गेले.

दारिद्र्याच्या छायाचित्रांत सर्वांत प्रसिद्ध असलेल्या चित्राची हकिगत याच जोडीने वाचावी. मार्च १९३६ मध्ये डोरोथिया लँग यांनी कॅलिफोर्नियात निपोमो येथे मजुरांच्या तळावर एका आईचा फोटो काढला. ‘स्थलांतरित माता’ म्हणून तो जगभर गेला. लँग यांनी त्या बाईंचे नाव विचारले नव्हते. त्या फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन होत्या, हे १९७८ मध्ये उजेडात आले. फोटोसोबतच्या टिपणातील काही तपशील त्यांच्या घरच्यांना मान्य नव्हते, आणि या चित्रातून आपल्या पदरात काही पडले नाही ही खंत बाईंना होती. म्हणजे चित्र थोर आणि नोंद अधुरी. दुसरी बाजूही तितकीच मोलाची आहे. लँग ज्या सरकारी प्रकल्पात काम करत होत्या, त्याचे प्रमुख रॉय स्ट्रायकर छायाचित्रकारांना काय काय टिपायचे याच्या लांबलचक याद्या पाठवत. त्या प्रकल्पाच्या सुमारे १,७५,००० कृष्णधवल निगेटिव्ह आज अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात जपलेल्या आहेत. जगाला त्यांतली मोजकी चित्रे आठवतात, पण त्या काळातली शेती, घरे, मजुरी आणि बाजार यांचा अभ्यास करणाऱ्याला उपयोगी पडतो तो हा सगळा संग्रह.

आपल्या मुलखातही या कथेचे एक जुने पान आहे. बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांच्या स्टुडिओचे नाव राजवाडे, शिकारी आणि मेजवान्यांच्या देखण्या छायाचित्रांसाठी घेतले जाते. त्याच स्टुडिओने १८९९-१९०० च्या, म्हणजे छप्पनियाच्या दुष्काळात औरंगाबाद भागातल्या उपासमारीची आणि सरकारी मदतकार्याची छायाचित्रे घेतली. त्यांतल्या एकाचे शीर्षक ‘कृशतेचे प्रकार’ अशा अर्थाचे आहे. हाडांचे सापळे झालेली माणसे त्यात नमुन्यासारखी मांडलेली दिसतात. तांत्रिकदृष्ट्या चित्र निर्दोष आहे. पण त्या माणसांचे गाव कोणते, धंदा कोणता, नाव काय, यातले काहीही त्यावरून कळत नाही. मराठवाड्यातले दुष्काळी छायाचित्रण तेव्हा असे होते. चेहरा होता आणि माणूस गायब होता.

१९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायाबापड्यांची छायाचित्रे आली. नंतर २०१३ आणि २०१६ मध्ये चारा छावण्या, टँकरभोवतीची झुंबड आणि कोरडी धरणे आली. काळ बदलला, कॅमेरे बदलले, चौकट फारशी बदलली नाही. भेगाळलेली जमीन, तिच्यावर उकिडवा बसलेला म्हातारा, डोईवर हंडा घेतलेल्या बायांची रांग, आणि दसऱ्यानंतर ऊसतोडीसाठी सूर्यास्ताकडे निघालेल्या बैलगाड्या. हे फोटो खोटे नाहीत, त्यांतले काही उत्तमही आहेत. पण एवढेच फोटो पुन्हा पुन्हा छापले गेले की पाहणाऱ्याच्या मनात दुष्काळ म्हणजे आभाळाची अवकृपा एवढेच उरते.

भेगाळलेल्या जमिनीचा फोटो कारण सांगत नाही. याच जिल्ह्यात परळी, अंबाजोगाई, माजलगाव, गेवराई या भागांत साखर कारखाने उभे राहिले आणि पाणी पिणारा ऊस दुष्काळी पट्ट्यातही वाढला, हे त्या भेगेत दिसत नाही. केज तालुक्यातल्या धनेगावचे मांजरा धरण आटले आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. धरणाच्या कोरड्या पात्राचे फोटो तेव्हा सर्वत्र छापून आले. ते पाणी वर्षानुवर्षे कोणत्या शेतात, कोणत्या नळाला आणि कोणत्या कारखान्याला गेले, हे सांगायला नकाशा लागतो, आकडे लागतात, आणि वेगवेगळ्या ऋतूंत एकाच जागेवरून घेतलेले साधेसुधे फोटो लागतात. त्यांतला एकही बक्षीसपात्र नसेल. सगळे मिळून मात्र ते कारणापर्यंत नेतात.

त्याच महिन्यात बीड आणि लातूरच्या तत्कालीन पालकमंत्री पंकजा मुंडे यांनी मांजरा पात्रातल्या कामावर काढलेल्या सेल्फीवरून मोठा वाद झाला. टीकाकारांना त्यात असंवेदनशीलता दिसली. समर्थकांना दुष्काळात उभ्या राहिलेल्या कामाचे समाधान दिसले. एकाच फोटोचे दोन टोकांचे वाचन झाले, यात नवल नाही. चौकटीबाहेरची हकिगत सोबत नसली की पाहणारा आपल्या मनातली हकिगत तिथे बसवतो.

बीडच्या सर्वांत मोठ्या वास्तवांचा तर फोटोच निघत नाही. हे या क्षेत्रातले सर्वांत अवघड आणि सर्वांत रोचक प्रकरण आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या नवराबायकोची मिळून एक ‘कोयता’ म्हणून गणती होते. ही नोंद मजूर पुरवणाऱ्या मुकादमाच्या वहीत असते. हंगामापूर्वी घेतलेली उचल आणि ती फिटेपर्यंतचे बांधलेपण कुठल्याही उजेडात दिसत नाही. कामावर न गेलेल्या दिवसाचा खाडा, म्हणजे दंड, दिसत नाही. २०१९ मध्ये ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. त्या वेळी देशविदेशातून छायाचित्रकार आले. पदराने तोंड झाकलेल्या बाईचा फोटो ही त्या बातमीची ठरलेली चौकट झाली. ओळख लपवणे योग्यच होते. पण तिचे फडावरचे दिवस, राहत्या कोपीत, म्हणजे झोपडीत, न्हाणीघर नसणे, पाळीच्या दिवसांतही डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढणे, खाड्याची धास्ती, तालुक्यातल्या दवाखान्याची वाट ही साखळी त्या एका फोटोत मावणारी नव्हती.

२०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. राज्यात हे प्रमाण सर्वांत कमी होते. जन्मालाच न आलेल्या मुलींचा फोटो कसा काढणार? काढता येतो तो वर्गाचा, मुलांच्या आणि मुलींच्या रांगांचा, गावोगाव, एकाच पद्धतीने. अशा फोटोला सौंदर्यस्पर्धेत जागा नाही. अभ्यासात मात्र तो आकड्याला शरीर देतो.

आता जिल्ह्यात रोज निघणाऱ्या, कोणीही थोर म्हणणार नाही अशा फोटोंकडे वळू. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी स्वतः बांधावर उभा राहून पिकाचा फोटो ॲपवर चढवतो आणि तो सातबाऱ्यावरच्या नोंदीला जोडला जातो. २०२५ च्या खरिपाआधी पीकविम्यात गारपीट किंवा पूर यांसारख्या स्थानिक आपत्तीच्या नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यावी लागे, त्यासाठीही फोन पुढे करावा लागे. रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मजुरांचा फोटो दिवसातून दोनदा ॲपवर चढवणे सक्तीचे झाले, आणि रेंज नसली की हजेरीची पंचाईत होते. घरकुलाचा हप्ताही पायापासून छतापर्यंतच्या फोटोंवर सुटतो. वेड्यावाकड्या, डोळे मिटलेल्या, उन्हात करपलेल्या या फोटोंवर पोटाला किती मिळणार ते ठरते. छायाचित्रणाच्या अभ्यासकाने यांकडे पाठ फिरवली, तर जिल्ह्यातले सर्वांत परिणामकारक फोटोच त्याच्या नजरेतून सुटतील.

तालुक्याच्या स्टुडिओत हा वाद केव्हाच मिटलेला आहे. लग्नाच्या फोटोग्राफरला कोणी थोर फोटो मागत नाही. त्याने अंतरपाट धरलेला क्षण चुकवू नये, मामा राहू नये, रुसून बसलेल्या आत्याचाही एक फोटो असावा, नावे अल्बमवर बरोबर पडावीत, आणि कार्ड बिघडले तरी प्रत शाबूत असावी, एवढी अपेक्षा असते. त्यात एखादा फोटो इतका सुंदर निघतो की घरोघरी भिंतीवर लागतो. पण तो निघतो सगळे नीट टिपण्याच्या नादात. या मंडळींची जबाबदारीची जाण ग्रामीण दस्तऐवजीकरणाने उचलण्याजोगी आहे. या पुस्तकात स्टुडिओच्या परंपरेला वेगळे प्रकरण दिले आहे ते याचसाठी.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. थोर चित्र नसेल तर कोण बघणार? भोपाळच्या १९८४ च्या वायुकांडाची कागदपत्रे ढिगाने आहेत, पण जगाच्या मनात ते राहिले रघू राय यांनी टिपलेल्या, मातीत पुरल्या जाणाऱ्या बाळाच्या चेहऱ्यामुळे. मग तशा चित्रासाठी जीव का टाकू नये? आक्षेपातले सत्य मान्य करायला हवे. कसब नसलेला दस्तऐवज कोणी वाचत नाही. मांडणी, उजेड, जवळीक आणि क्षण यांची जाण नसेल तर सत्यसुद्धा कंटाळवाणे होते. म्हणून कसबाला या पुस्तकात कुठेही कमी लेखलेले नाही.

पण कसबासाठी झटणे आणि थोरवीसाठी झटणे यांत फरक आहे. कसब कामावर लक्ष ठेवते, थोरवीची हाव आपल्या नावावर. मराठी छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवर केलेले काम इथे पाहावे. गटारात उतरलेल्या माणसाचा एकच धक्कादायक फोटो काढून थांबता आले असते. त्यांनी कामगारांची घरे, कुटुंबे, कामाच्या पाळ्या, घाण आणि थट्टामस्करी असे सगळे दीर्घकाळ टिपत नेले. म्हणून त्यातली जबर चित्रे एकटी पडत नाहीत. पी. साईनाथ यांनी १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत ग्रामीण स्त्रियांच्या श्रमांचे फोटो काढले, त्यांतही जोर एखाद्या बाईच्या करुण चेहऱ्यावर नसून कामाच्या प्रकारांवर आहे. त्यांनीच २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात जिल्ह्याजिल्ह्यांतल्या माणसांचे चेहरे जमवण्याचा उपक्रम आहे, आणि तिथे प्रत्येक चेहऱ्याला नाव, गाव, धंदा आहे. दीनदयाळांच्या स्टुडिओतल्या त्या दुष्काळी चित्राला दिलेले हे उत्तरच म्हणता येईल.

तेव्हा या संग्रहाची भूमिका सरळ आहे. छायाचित्रकाराने थोर छायाचित्रासाठी झटू नये, भरवशाच्या छायाचित्रासाठी झटावे. थोरवी द्यायची की नाही ते पाहणारे आणि काळ ठरवतील. आपल्या हातात असते ते कामाचे पुरेपण.

या पुरेपणासाठी काय लागते, ते पुढच्या प्रकरणांत सविस्तर आले आहे. इथे ओळखीपुरते सांगतो. पहिली गोष्ट उजेडाची. कॅमेऱ्याचा मीटर समोरचे सगळे मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालतो. मागे फडावरचे पांढरे आभाळ आणि पुढे उन्हाने रापलेला चेहरा असला की आभाळ नीट येते आणि चेहरा काळवंडतो. एक-दीड स्टॉप उजेड वाढवला की डोळे दिसू लागतात. बैलगाडीवरची काळी आकृती मावळतीला सुरेख दिसते खरी, पण ती कोणाचीही असू शकते. कामगाराला ओळखू येईल असे दाखवायचे की नाही हा निर्णय आपण घ्यावा, आणि त्याला विचारून घ्यावा. तो मीटरवर सोडू नये.

दुसरी गोष्ट नोंदीची. तारीख, गाव, तालुका, नाव, वय, काम, आणि त्या माणसाने स्वतः सांगितलेले एखादे वाक्य. अकरा तालुक्यांच्या या जिल्ह्यात ‘बीडमधील एक शेतकरी’ ही ओळ म्हणजे काहीच न लिहिल्यासारखे आहे. आष्टी-पाटोद्याचा बालाघाटावरचा माळ आणि गेवराई-माजलगावची गोदाकाठची काळी जमीन यांचे दुष्काळ वेगळे आहेत. फाइलच्या पोटात कॅमेरा वेळ आणि कधी ठिकाणही लिहून ठेवतो. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की ती माहिती गळते आणि चित्रही दाबले जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला की टिकते. एवढ्या साध्या सवयीने पुढच्या अभ्यासकाचे निम्मे काम वाचते.

तिसरी गोष्ट परत जाण्याची. ऊसतोडीचे फोटो बहुतेक वेळा फडावरचे असतात. गावात मागे राहिलेले म्हातारे, नातवंडे, कुलूप लागलेली घरे, ओस पडलेली शाळा यांचे कमी असतात, आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, गावी आलेल्या माणसांच्या हिशेबाचे तर जवळजवळ नसतात. एकाच कुटुंबाचे दसऱ्याआधी, फडावर आणि पाडव्यानंतर असे तीन वेळा फोटो काढले, तर उचलीचा न दिसणारा दोरही हळूहळू दिसायला लागतो.

चौथी गोष्ट संमतीची. फोटो कुठे जाणार, कोण पाहणार, हे मराठीत, त्यांच्या बोलीत, स्पष्ट सांगायला हवे. हो म्हणणाऱ्याला नंतर नाही म्हणता आले पाहिजे. लैंगिक अत्याचार झालेल्या बालकाची ओळख उघड करणारे छायाचित्र छापण्यास २०१२ च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम २३ ने बंदी आहे. पण कायद्याच्या आधी माणुसकी येते. दवाखान्यात, मयताच्या घरी, आत्महत्या झालेल्या शेतकऱ्याच्या अंगणात कॅमेरा खाली ठेवण्याची वेळ ओळखता येणे हाही या शास्त्राचा भाग आहे. आणि काढलेल्या फोटोची छापील प्रत त्या घरी पोचवणे ही सौजन्याची बाब आहेच, शिवाय नोंद तपासून घेण्याची उत्तम रीतही आहे. फोटो हातात घेऊन माणसे नावे दुरुस्त करतात, राहिलेली हकिगत सांगतात.

या क्षेत्रात अजून पुष्कळ जागा रिकामी आहे. फडावर कोयता चालवणाऱ्या बाईने स्वतः काढलेले फोटो फार थोडे आहेत. हार्वेस्टर आल्यावर तोडणीचे काम कसे बदलते आहे, याची सलग चित्रनोंद हवी आहे. बंद पडत चाललेल्या स्टुडिओंमधल्या निगेटिव्ह उंदीर-वाळवीच्या तोंडी जाण्याआधी कोणीतरी उचलायला हव्यात. तिथे जत्रा, शाळा, सभा, लग्ने, १९७२ च्या आधीची आणि नंतरची गावे सापडण्याची शक्यता आहे. हे काम मोठ्या शहरातून आलेल्या छायाचित्रकाराच्या दोन दिवसांच्या दौऱ्यात होणारे नाही. ते इथे राहणाऱ्यांनाच जमेल.

म्हणून वाचकाला एकच विनंती. हे पुस्तक वाचून होईपर्यंत थांबू नका. या दसऱ्यानंतर तुमच्या गावातून गाड्या निघतील तेव्हा एका घरी जा, नाव विचारा, परवानगी घ्या, फोटो काढा, मागे तारीख लिहा. फोटो भारी आला का, याची चिंता करू नका. पट्टा पडून ती माणसे परत आली की त्याच दारात पुन्हा जा.